रांगेतली एक चप्पल

उरणच्या आमच्या बँकेत पेन्शनच्या दिवशी दार उघडण्याआधीच चपलांची रांग लागते. आपापले जोड ओळीत ठेवून माणसं समोरच्या पिंपळाखाली गप्पा मारत बसतात. त्या रांगेत एकटीच चप्पल दिसली की मी कॅशच्या खिडकीतून ओळखायचो, कुबडीवाले काका आलेत. त्यांना एकच पाय. घरी दुसरं कुणी नाही, त्यामुळे महिन्याभराचं बोलणं ते त्या पिंपळाखालीच बोलून घ्यायचे.

मग नव्या रस्त्यात त्यांचं वडिलोपार्जित शेत गेलं. त्यांच्या हिश्शाचे पैसे खात्यात आले, उत्पन्नाच्या दाखल्यात दिसले आणि अपंगांची पेन्शन बंद झाली.

तरी पेन्शनच्या दिवशी ती चप्पल रांगेत असतेच. नंबर आला की काका ती कुबडीने ढकलत पुन्हा शेवटी नेऊन ठेवतात.

एकदा मी वैतागलोच. "काका, आता कधीही या, पैसे काढा. रांग कशाला?"

ते खिडकीशी वाकले. "साहेब, ह्ये पैसं संपलं की पेन्शन परत चालू व्हईल ना?"

"नवा दाखला आणलात तर होईल."

"मंग लवकर कसं संपवायचं त्ये सांगा. पिंपळाखाली आता कोन सरकून जागा देत न्हाय."