चातुर्मासातली वांगी

सदाशिवराव लासूरकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना शाल, नारळ आणि एक झारी दिली. झारीची कल्पना कुणाची होती ते कळलं नाही. नोकरीत हजारो एकरांचं पाणी त्यांच्या टेबलावरून गेलं होतं. हातात झारी पहिल्यांदाच आली.

मी त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. सिडकोत, एन-सातला. मराठीत एम.ए. झालो होतो, नोकरी नव्हती. संध्याकाळी त्यांच्या परसात जाऊन बसायचो. ते वडिलांच्या वयाचे, पण मला मित्र म्हणत.

"तुमचं साहित्य भाजीपाल्याबद्दल काय म्हणतं?" ते विचारत.

"फारसं काही नाही, काका."

"म्हणूनच तुम्हाला नोकऱ्या नाहीत."

परस म्हणजे घरामागची दोन खाटा मावतील एवढी जागा. खाली मुरूम. पहार मारली की ठिणगी उडायची. शेजारचे नानासाहेब पाचोडकडचे जमीनदार. शेत बटाईनं दिलेलं, स्वतः नोकरीला शहरात. त्यांनी शेतातली काळी माती ट्रॅक्टरनं आणून टाकली आणि सल्लाही फुकट दिला.

"काका, मातीला ताक पाजा. लई लागतं तिला."

"तुम्ही पाजता?"

"आमच्याकडं बटाईदार पाजतो."

चैत्रात मेथी लावली. उगवली आणि उन्हानं वाळली. सदाशिवराव म्हणाले, "उगवण शंभर टक्के." टिकली किती, हा त्यांच्या मते वेगळा रकाना होता. नळ एक दिवसाआड यायचा. त्यांच्या पत्नी कालिंदीकाकू धुण्याचं पाणी बादलीत साठवायच्या आणि भेंडीला घालायच्या. भेंडी आली. तिला साबणाचा वास येतो असं मी म्हणालो, तर काकू म्हणाल्या, "मग ती आणखी धुवायला नको." पावसाळ्यात दोडक्याचा वेल नानासाहेबांच्या टीव्हीच्या अँटेनावर चढला. रविवारच्या सिनेमात नायिकेच्या चेहऱ्यावर मुंग्या दिसायला लागल्या. नानासाहेबांनी वेल कापला नाही. दोडके मात्र आपल्या बाजूचे काढून घेतले.

इथपर्यंत ही एका निवृत्त माणसाची हौस होती. मग आषाढातली कांदेनवमी आली.

चातुर्मासात लासूरकरांकडे कांदा, लसूण आणि वांगं बंद. ते थेट मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरिताचा नैवेद्य दाखवला की सुटायचं. म्हणून चातुर्मास लागण्याआधी, नवमीला, सगळं कुटुंब थोरल्या घरी जमून कांदा-वांगी पोटभर खाऊन घ्यायचं. थोरलं घर म्हणजे सदाशिवरावांचे मोठे भाऊ केशवराव यांचं, गुलमंडीजवळ. केशवराव कोर्टात पेशकार होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरात अजून तारखा पडत.

त्या दिवशी मलाही बोलावलं होतं. भरलं वांगं खाता खाता केशवराव म्हणाले, "गुडघे गेले. खंडोबाचं नवरात्र यंदापासून मला झेपायचं नाही. देव कुणाकडे तरी द्यावे लागतील."

देव म्हणजे चांदीचे टाक. पितळेच्या डब्यात पिढ्यानपिढ्या राहिलेले.

"पुण्याला पाठवू की," त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई म्हणाल्या. पुण्यात त्यांचा मुलगा होता.

वाढणाऱ्या कालिंदीकाकू थांबल्या. लग्न झाल्यापासून दर चंपाषष्ठीला त्या या घरी येऊन रोडगे भाजत होत्या. देवापुढचा दिवा मात्र एकदाही त्यांच्या हातानं लागला नव्हता. तो थोरल्या सुनेचा मान.

"दादा, देव आमच्याकडे द्या," सदाशिवराव म्हणाले. "जागा आहे. बागसुद्धा आहे."

"बाग!" केशवराव हसले. "सदू, चंपाषष्ठीच्या भरिताचं वांगं तुझ्या परसातलं असू दे. देव तुझे. नाहीतर पुणे."

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. घरी येताना रिक्षात म्हणाल्या, "ऐकलंत ना काय म्हणाले ते?"

दुसऱ्याच दिवशी सदाशिवराव खुलताबादच्या रस्त्यावरून वांग्याची रोपं घेऊन आले. ताटातलं वांगं आदल्या दिवशीच बंद झालेलं, दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. चंपाषष्ठी मार्गशीर्षात आहे आणि रोप आषाढात लावतोय, हा हिशेब कुणीच केला नाही. मीही नाही.

रोपं लागली. गणपतीत फुलं आली. महालक्ष्म्या गेल्या आणि वांगी धरली. जांभळी, काटेरी, चकचकीत. सदाशिवराव झाडांपुढे स्टूल टाकून बसले.

"आली," ते म्हणाले.

"काय करायचं यांचं?" काकूंनी विचारलं.

तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आलं.

काढायची तर घरात खाता येत नाहीत. न काढावी तर झाड पिवळी वांगी धरून बसतं, नवीन फूल देत नाही. फेकायची तर देवाच्या नावानं लावलेली. म्हणून वाटायची ठरलं. चातुर्मास न पाळणारे शोधणं सुरू झालं.

मी चातुर्मास पाळत नव्हतो. माझी चूक मला लवकरच कळली. रोज सकाळी दाराशी वांगी असत. नानासाहेबांकडेही जात. पहिला आठवडा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी कौतुक केलं. मग दूधवाला, मग पोस्टमन, मग मीटर बघायला आलेला माणूस. त्यानं मीटर न बघताच सायकल वळवली.

सदाशिवरावांना वांगं जीव की प्राण. संध्याकाळी शेजारून भाजलेल्या वांग्याचा वास आला की ते कुंपणापाशी जाऊन उभे राहत.

"नानासाहेब, कसं होतं?"

"चांगलं होतं, काका."

"चांगलं म्हणजे? बिया? गर? कडवट?"

"काका, वांग्यासारखं होतं."

हे उत्तर त्यांना पुरत नसे. मग ते वर माझ्याकडे येत. मी एम.ए. असल्यानं माझ्याकडून वर्णनाची अपेक्षा होती. मी सुरुवातीला उपमा वगैरे दिल्या. नंतर नुसतं "मऊ" म्हणायला लागलो. अश्विनात मी त्यांना सांगितलं की मीही चातुर्मास धरलाय.

"अर्ध्यातून धरता येत नाही," ते म्हणाले आणि पिशवी ठेवून गेले.

नानासाहेब मागच्या गल्लीनं घरी यायला लागले. एकदा सदाशिवरावांनी त्यांना तिथंही गाठलं.

"आता बास करा, काका," नानासाहेब हात जोडून म्हणाले. "पोरगं शाळेत वांगं म्हनून फेमस झालंय. माझ्या शेतात पन यवढी निघत नाय."

"तुमच्या शेतात काय लावलंय यंदा?"

"बटाईदाराला इचारून सांगतो."

दसऱ्यानंतर शेंडे माना टाकायला लागले. अळी पडली. वांगी वाकडी, मग भोकं पडलेली, मग नाहीच. नानासाहेब म्हणाले, उपटून टाका. सदाशिवराव स्टुलावर बसून राहिले. चंपाषष्ठी अजून दोन महिने लांब होती.

"नवी रोपं आणू?" मी विचारलं.

"आता लावून तेव्हा कुठं येतात?" ते म्हणाले. "पुण्याला फ्लॅटमध्ये देव्हारा कुठं असतो माहितंय? फ्रिजवर."

काकू आतून कात्री घेऊन आल्या. त्यांनी एकेक झाड वीतभर ठेवून बाकी सगळं कापून टाकलं. सदाशिवराव स्टुलावरून उठले.

"अगं, हे काय?"

"जावळ काढल्यावर केस दाट येतात की नाही? बघू." कात्री त्यांनी पदराला पुसली. "असंही काय राहिलं होतं?"

त्या रात्री ते जेवले नाहीत. काकू जेवल्या.

दिवाळीत खोडांना पालवी फुटली. थंडी पडली तशी झाडं पुन्हा फुलावर आली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सदाशिवराव सांगायला लागले, "आम्ही छाटणीचा निर्णय घेतला." काकू बादलीनं पाणी घालत असत. त्यांनी हा निर्णय दोन-तीनदा ऐकला आणि पाणी घालत राहिल्या.

मार्गशीर्षातल्या प्रतिपदेला केशवरावांनी पितळी डब्यातून देव आणून दिले. "षष्ठीला निकाल," असं म्हणून ते गेले. काकूंनी घट बसवला, दिवा लावला. सहा दिवस त्या देवघराच्या खोलीतून बाहेर आल्या त्या फक्त झाडांना पाणी घालायला. डबा धुऊन, पुसून त्यांनी फडताळात ठेवला. त्याच्याकडे बघणं त्या टाळायच्या.

षष्ठीला सकाळी सदाशिवरावांनी वांगी काढली. छोटी होती, पण टोपली भरली. शेगडीवर भाजताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं, असं ते म्हणाले. केशवराव आणि सरोजिनीबाई आले. केशवरावांनी मागच्या दारी जाऊन झाडं पाहिली, देठ मोजल्यासारखे पाहिले, मान हलवली. रोडगे झाले. भरितावर कांद्याची पात पडली. मी आणि नानासाहेब पाहुणे. ताट देवापुढे जाणार, एवढ्यात नानासाहेबांना राहवलं नाही.

"वहिनी, भरताचं काय सांगू तुम्हास्नी. ह्याच झाडांची वांगी आम्ही महिनाभर खाल्ली. लई गोड."

सरोजिनीबाईंनी ताट धरलेला काकूंचा हात अडवला.

"काय म्हणालात? खाल्ली?"

"व्हय की. सगळ्या गल्लीनं."

"देवाच्या आधी?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंत का? पहिलं फळ गल्लीनं खाल्लं. उष्ट्या झाडाचा नैवेद्य दाखवणार ही."

नानासाहेब माझ्याकडे बघायला लागले. मी ताटाकडे.

केशवरावांनी चष्मा काढला. "हरकत बिनबुडाची नाही," ते म्हणाले.

"दादा, झाडं छाटली होती," सदाशिवराव घाईनं म्हणाले. "फांदी नवी, फूल नवं, फळ नवं."

"मूळ जुनं."

"मूळ कुणी खाल्लं नाही, दादा!"

"सदू, मुळाचा प्रश्नच वेगळा आहे."

वाद अर्धा तास चालला. मूळ, खोड, अंकुर, देवाचा हक्क, गल्लीचा हक्क. वांगं उष्टं कशानं होतं, तोंडानं की हेतूनं, इथपर्यंत गेला. मी साहित्याचा विद्यार्थी, मी असलं काही वाचलं नव्हतं. सरोजिनीबाई म्हणाल्या, "निकाल स्पष्ट आहे. डबा कुठंय?"

काकूंच्या हातात ताट तसंच होतं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "दरवर्षी तुमच्याकडे वांगी कुठून यायची?"

"मंडईतून. कुठून येणार?"

"त्या झाडांचं पहिलं वांगं कुणी खाल्लं होतं?"

सरोजिनीबाईंनी तोंड उघडलं.

"मीच आणायची पिशवी भरून. भाव विचारला, हे कधी विचारलं नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही पण नाही. इतकी वर्षं देवानं काय खाल्लं मग?"

 केशवरावांनी चष्मा पुसला, घातला, परत काढला. आता ते कोणताही निकाल देवोत, त्यात त्यांच्या घरच्या सगळ्या चंपाषष्ठ्या येत होत्या.

"नैवेद्य गार होतोय," ते शेवटी म्हणाले. "दाखवा."

निकाल झालाच नाही. तळी उचलली, येळकोट झाला, पानं वाढली. सदाशिवरावांनी पाच महिन्यांनी आपलं वांगं तोंडात घातलं आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. केशवरावांनी भरीत तीनदा घेतलं. सरोजिनीबाईंनी एकदाच, पण भरपूर.

संध्याकाळी रिक्षा आली. सरोजिनीबाई अंगणातून म्हणाल्या, "कालिंदी, आमचा डबा आण. देव रात्री बाहेर नकोत."

 सदाशिवराव उठून मागच्या दारी गेले. केशवराव काठी टेकत रिक्षात बसले. त्यांनी "देव राहू दे" म्हटलं नाही, "आण" असंही म्हटलं नाही.

काकूंना आतून यायला जरा वेळ लागला. डबा फडक्यात बांधला होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

"दादांच्या मांडीवर दे. आडवा करू नको, तेल सांडेल."

मी दोन पावलं गेलो आणि थांबलो. डबा गरम होता. मी मागे वळून पाहिलं. काकू आत गेल्या होत्या.

मी डबा केशवरावांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी त्यावर हात ठेवला. हात तिथंच राहिला. मग त्यांनी वाकून वास घेतला, अगदी थोडा.

"सगळे टाक आहेत ना हो आत?" सरोजिनीबाईंनी विचारलं. "उघडून बघा."

"जोखमीची वस्तू रस्त्यात उघडू नये," केशवराव म्हणाले आणि रिक्षावाल्याच्या पाठीवर काठी टेकवली. "चल रे."

मी मागच्या दारी गेलो. सदाशिवराव वाफ्याजवळ उकिडवे बसले होते. दोन झाडं त्यांनी उपटून बाजूला ठेवली होती, तिसऱ्याच्या बुडाशी हात होता.

"गेले?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"दादा आणि वहिनी गेले," मी म्हणालो.

आतून घंटेचा आवाज आला. सदाशिवरावांनी माझ्याकडे पाहिलं, आतल्या दाराकडे पाहिलं. मग तिसरं झाड सोडून दिलं आणि उपटलेली दोन परत मातीत खोचायला लागले.