मूठभर तांदूळ

नयनावहिनींच्या गोधड्यांकडे आमच्या लहरीपुऱ्यात कोणी ढुंकून पाहत नसे. मीच म्हटलं, नेटवर विकायला ठेवा, परदेशात घेतील. त्यांचे यजमान बाजव्याच्या कारखान्यात माझ्याच खात्यात होते. मी तिथे तीस वर्षं माल पाठवायचे कागद केलेले, तेव्हा फॉर्म भरायचं काम मोठ्या ऐटीत अंगावर घेतलं.

मेलबर्नच्या मोहनाने वारलेल्या आईच्या तीन साड्या पाठवल्या. पोटातल्या बाळासाठी तिला त्यांची गोधडी हवी होती. वहिनींनी दोन महिने टाके घातले. त्यांची रीत अशी, की उरलेली कातरणसुद्धा ज्याची त्याला परत. म्हणायच्या, "परक्याच्या आईची चिंधी आपल्या घरात कशाला?"

पार्सल बांधताना त्यांनी घडीत मूठभर तांदूळ आणि हळकुंड ठेवलं. पोरीला आई नाही, ओटी कोण भरणार?

"भावजी, हे लिहायला हवं का हो फॉर्मवर?"

"छे हो वहिनी! दोन देशांचा करार झालाय, कापडावर जकातसुद्धा नाही. मूठभर तांदळाला कोण विचारतंय?"

आणि मी ठोकून दिलं: सुती गोधडी, इतर काही नाही.

विचारलं की हो! करार जकातीपुरता. धान्य-बियाण्याचा तिथला कायदा वेगळा आणि भारी कडक. न कळवलेले तांदूळ सापडले म्हणून अख्खं पार्सल अडकलं. उत्तर द्यायच्या मुदतीची नोटीस मोहनाला गेली, तेव्हा ती बाळंतपणासाठी दवाखान्यात. मुदत संपली आणि पार्सल जाळून टाकलं. विक्रीच्या साइटला लिहिलं, तर म्हणे माल तिथे पोचला की कायदा तिथला. इथल्या कस्टम कचेरीतल्या गुजराती साहेबाने हात वर केले, "काका, ए आपणा हाथमां नथी."

परवा मोहनाचा व्हिडिओ कॉल आला. मांडीवर इवलीशी मुलगी. रागावली नाही, तेच जास्त लागलं.

"काकू, एखादी चिंधी तरी उरली असेल ना?"

वहिनींनी मशीनचा खण उपडा केला. रिळं, बटणं, खडू. काही नाही हे ठाऊक असून शोधत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "नाही गं बाई, सगळं पाठवलं. चूक माझीच, तांदूळ मी ठेवले."

मी शेजारीच बसलो होतो. लाजेने मान खाली घालून सांडलेली बटणं खणात भरत राहिलो.

फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चहा टाकते, भावजी."