महानंदाअक्काचं मलम

महानंदाअक्काबद्दल चांगलं बोलायला माझी जीभ रेटत नाही. बाई चांगली आहे, तेच तर दुखणं आहे.

आमचा विराट सहा वर्षांचा. जन्मतःच त्याचा एक पाय आत वळलेला, म्हणून अधूनमधून ऑपरेशनं होतात. आमच्या शहरातल्या बसवनगुडी भागातल्या ज्या हॉस्पिटलात ती होतात, तिथे भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली महानंदाअक्का नर्स आहे. मूळची निपाणीकडची. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते. लहानपणी तिच्या धाकट्या भावाला चौघांनी दाबून धरून सुई टोचलेली तिनं पाहिली, तेव्हापासून पोराला असं धरलेलं तिला खपत नाही. लग्न केलं नाही. इथल्याच शिवाजीनगरात खोली घेऊन राहते आणि दुसऱ्यांची पोरं आपलीशी करते. हे शेवटचं माझं मत.

ती येण्याआधी सुई बघितली की विराट माझ्या गळ्याला मिठी मारून आक्रोश करायचा. माझं काळीज तुटायचं, पण ती मिठी मलाच असायची. मग ही आली. ऑपरेशनच्या तासभर आधी दोन्ही हातांच्या मागच्या बाजूला कातडी बधिर करणारं मलम लावायचं, वर पारदर्शक पट्टी चिकटवायची. एका हाताची शीर सापडली नाही तर दुसरा हात तयार. भुलीचं दुधासारखं पांढरं औषध शिरेत जाताना आग होते, म्हणून त्याच्या आधी बधिर करणारं औषध द्यायचं. डॉक्टर ते विसरणारे नाहीत, तरी ही आठवण करून देतेच. विराट रडायचा थांबला. मी देवाचे आभार मानले आणि आतल्या आत जळले. घरी जेवतानाही "अक्का असं म्हणते" सुरू!

तिची एक पद्धत आहे. पोरानं उरलेलं मलम आपल्या एखाद्या माणसाच्या हाताला लावायचं, म्हणजे त्याची भीती मोडते. या वेळी विराटनं माझा डावा हात ओढला आणि मन लावून मलम चोपडलं, वर पट्टीही चिकटवली.

तासाभरानं पट्ट्या निघाल्या. पोराला झोप लागेपर्यंत घरचं एक माणूस ऑपरेशनच्या खोलीत जाऊ शकतं. मी उठलेच होते.

"काय रे राजा, आत कोण येणार तुझ्यासंगं? आईच की?" अक्कानं विचारलं.

"नको. तूच चल."

अक्का गोरीमोरी झाली. "असं नको बोलू की रे, आईला वाईट वाटतंय."

"आई आत रडते," विराट म्हणाला. "तिला दुखतं. म्हणून तर तिला मलम लावलं."

मी खाली बसले.

शाळेच्या व्हॅनमध्ये चढताना तो रोज माझ्या हाताला बारीकसा चिमटा काढतो. तो आमचा टाटा. आताही त्यानं काढला, डाव्या हाताला, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला चिमटा जाणवलाच नाही.

"दुखलं नाही ना?" त्यानं ऐटीत विचारलं.

"नाही रे." एवढासा चिमटा, तोही त्या बाईच्या मलमानं खाल्ला होता. मी उजवा हात पुढे केला.

"आता इथे काढ," मी म्हटलं. "जोरात."