चौरंगावरचा कॉम्प्युटर

"बाई, ह्या पोरीचे डोळे अधू हायेत असं एका कागदावर लिहून द्या. शिक्का ठळक मारा."

आबा माझ्या समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसले होते. ज्या पोरीबद्दल हे चाललं होतं ती दाराशी ओढणीचं टोक पिळत उभी होती.

"आधी तपासू का?" मी विचारलं.

"तपासा की. तपासायला माझी ना न्हाय. पर लिवायचं काय ते आधीच सांगून ठिवलं, म्हंजे तुमाला तरास नगो."

मी डोळ्यांची डॉक्टर. आता निवृत्त झाले, पण नव्वदच्या दशकात बारामतीत माझा दवाखाना चांगला जोरात होता. आबा लासुर्ण्याकडच्या एका दूध संस्थेचे चेअरमन आणि माझे जुने पेशंट. डोक्यावर कांजी करून उभी ठेवलेली टोपी, नाकावर मीच दिलेला बायफोकल चष्मा. बायफोकल म्हणजे एकाच काचेत दोन नंबर. वरच्या भागातून लांबचं बघायचं, खालच्या भागातून जवळचं. हा चष्मा आणि ही टोपी, दोन्ही लक्षात ठेवा.

प्रकरण असं होतं. संस्थेनं हौसेनं कॉम्प्युटर घेतला होता. कुणी किती दूध घातलं आणि त्याला फॅट किती लागलं, हे रोज त्यात भरायचं. फॅट म्हणजे दुधातला स्निग्धांश. दुधाचा भाव त्यावर ठरतो, त्यामुळे फॅटचा आकडा चुकला की शेतकरी किटलीसकट दारात हजर. कॉम्प्युटरवर बसवलेला पहिला मुलगा डोकं दुखतं म्हणून पळाला. दुसराही त्याच वाटेनं गेला. ही वैशाली तिसरी. तिचंही डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढं आकडे नाचायला लागले, आणि मग कुणाच्या म्हशीचा फॅट कुणाच्या गाईला लागला.

"येत्या मीटिंगमधी हिला कायम करायची का घरी पाठवायची, ते ठरणार हाय," आबा म्हणाले. "पोरगी गुणाची हाय हो. पर डोळंच न्हायत तर काय करायचं? तुमचा कागद आसला म्हंजे माझ्यावर बालंट येत न्हाय."

म्हणजे माझ्या शिक्क्यानं तिची नोकरी जाणार आणि आबा नामानिराळे. वा रे वा!

मी वैशालीला तपासलं. तक्त्यावरच्या सगळ्या ओळी तिनं धडाधड वाचल्या. अगदी खाली छापखान्याचं नाव बारीक अक्षरात असतं, तेही वाचून दाखवलं, मी विचारलं नसताना. नंबर नाही, तिरळेपणा नाही, पडदा स्वच्छ. फक्त डोळे लाल आणि कोरडे.

"रविवारी दुखतं का गं डोकं?"

"न्हाय मॅडम."

"संक्रांतीच्या सुट्टीत?"

"अजाबात न्हाय."

डोळे अधू असते तर ते रविवारीही अधू असते. ते काही संस्थेचे नोकर नाहीत. म्हणून मी तिला स्टुलावर बसवलं. "हे समज तुझं टेबल. कामाला कशी बसतेस ते मला दाखव."

तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि हनुवटी उचलून थेट माझ्या छताच्या पंख्याकडं बघायला लागली.

"अगं, तुमचा कॉम्प्युटर आहे का कबुतर?"

ती हसली. मग आबांकडं बघून पुन्हा ओढणी पिळायला लागली.

कुठंतरी पाणी मुरत होतं. आबा समोर असेपर्यंत ते कळणार नव्हतं. मी आबांच्या डोळ्यांत साधे गारव्याचे थेंब टाकले आणि बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसायला सांगितलं. "मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत हं. उघडलेत तर माझी जबाबदारी नाही." चेअरमन माणूस, पण डोळ्यांच्या डॉक्टरपुढं सगळे गरीब गाय. गेले निमूट.

"हं, बोल आता."

"मॅडम, कॉम्प्युटर चौरंगावर हाय."

"कशावर?"

"चौरंगावर. पूजेच्या."

दसऱ्याला कॉम्प्युटरचं उद्घाटन झालं होतं. लक्ष्मी आली म्हणून टेबलावर चौरंग मांडला, त्यावर तांबडं कापड, त्यावर कॉम्प्युटरचा आडवा डबा आणि डब्यावर मॉनिटर. हार घातला, पूजा केली, फोटो काढला. तेव्हापासून ते सगळं तसंच होतं. खुर्ची उंच घ्यायची नाही, कारण देवापेक्षा उंच आसनावर कसं बसायचं? वैशाली दिवसभर मान वर करून आकडे भरत होती.

"मग सांगायचं ना, खाली घ्या म्हणून!"

तिनं एकदा दाराकडं बघितलं. "आमी शेळगावचं, मॅडम. आमच्या घरी बुद्धवंदना असती. मी चौरंग हलवा म्हणलं तर तोंडावर कुणी बोलणार न्हाय. पर मागनं म्हणतील, हिला काय त्येचं! आधीची दोन पोरं त्येंच्या घरचीच होती, ती बी बोलली न्हायत. माझी तर नोकरी अजून कच्ची हाय." मग हळूच म्हणाली, "वडिलांनी लई हौसेनं क्लास लावला हो कॉम्प्युटरचा."

मला खरंच राग आला. पोरीचे डोळे हिऱ्यासारखे, आणि त्यांना अधू ठरवायला माझाच शिक्का! पण रागावून आबांशी भांडले असते तर आबा दुसऱ्या डॉक्टरकडं गेले असते. आबांना भांडणानं हरवता येत नाही, त्यात त्यांची सगळी हयात गेलेली.

मी बाहेर गेले. आबा डोळे घट्ट मिटून बसले होते.

"उघडा आबा. कागद देते, पण कामाची जागा बघितल्याशिवाय नाही. नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"माझा."

गुरुवारी माझा दवाखाना बंद असायचा. आबांची जीप मला न्यायला आली. संस्थेत पोचले तर कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपलांची रांग. ती तेव्हा सगळीकडंच असायची, धूळ आत जाऊ नये म्हणून. आत एसी. तोही मशीनसाठी, माणसांसाठी नव्हे. त्याचा झोत बरोबर बसणाऱ्याच्या तोंडावर. खुर्चीच्या पाठीमागं भली मोठी खिडकी, त्यामुळे बाहेरचा सगळा उजेड काचेवर चकाकत होता. आणि हे सगळं कमी म्हणून की काय, समोर टेबल, टेबलावर चौरंग, त्याच्यावर डबा, त्याच्यावर मॉनिटर. देवीचं दर्शन घ्यायला मान वर करावी तशी माझी मान आपोआप वर गेली. मॉनिटरच्या काचेवर एका कोपऱ्यात कुंकवाचं स्वस्तिक होतं. फॅटचा आकडा नेमका त्याच्यामागं यायचा.

"हे पुसत का नाही?" मी विचारलं.

संस्थेचे सचिव तात्या शेजारी उभे होते. ते जीभ चावून म्हणाले, "पूजेचं कुंकू कसं पुसायचं, बाई?"

मी म्हणाले, "आबा, मला जरा तपासणी करायची आहे. पोरीचे डोळे बघितले, आता मशीन बघू. तुम्ही या खुर्चीत बसा आणि कालचे फॅट वाचून दाखवा."

आबांना हे आवडलं. कॉम्प्युटरसमोर बसलेला आपला फोटो अहवालात छापावा असं त्यांच्या मनात होतंच. ते ऐटीत बसले. समोर बघितलं. चष्म्याच्या वरच्या भागातून मॉनिटर दिसेना, कारण तो भाग लांबच्यासाठी. खालच्या भागातून बघायचं तर नाक वर करावं लागणार. आबांनी नाक वर केलं. अजून वर केलं. घशाची घाटी दिसायला लागली.

"तीन... तीन पॉइंट... तात्या, ह्ये आठ हाय का तीन?"

"वाचा वाचा, आबा. अजून पुष्कळ आहेत."

"पाच हाय जणू..."

आबांनी मान आणखी मागं टाकली आणि त्यांची कांजीची टोपी टपकन मागं, फरशीवर.

चेअरमनची टोपी चारचौघांत पडली! वैशालीनं ओढणी तोंडात कोंबली. तात्यांनी झडप घालून टोपी उचलली, झटकली आणि दोन्ही हातांनी आबांना दिली.

"दुखली का मान?" मी अगदी मायेनं विचारलं.

"इथं रग लागली," आबा मानेमागं हात फिरवत म्हणाले. "आन् डोळ्यातनं पाणी यायलंय."

"बरं मग, देऊ का लिहून? दूध संस्थेच्या चेअरमनचे डोळे अधू, म्हणून? शिक्का ठळक मारते."

मग मी त्यांना समजावलं. आपण वर बघतो तेव्हा पापण्या सताड उघडतात. खाली बघताना त्या अर्ध्या मिटलेल्या असतात, डोळा झाकलेला राहतो. उघड्या डोळ्यातलं पाणी लवकर सुकतं, त्यात हा एसीचा वारा. शिवाय कॉम्प्युटरकडं एकटक बघताना माणूस पापणी लववायचंच विसरतो. डोळा कोरडा पडला की आकडे पुसट दिसतात, मग कपाळ दुखतं. मान तर दुखणारच. भरलेली घागर हात वर करून दिवसभर धरून ठेवा, दुखेल का नाही? "चष्मा देऊन हे बरं होत नाही, आबा. मॉनिटर खाली घ्या. डोळ्यांच्या पातळीपेक्षा जरा खालीच बरा."

आबांचा चेहरा पडला. "पटतंय बाई. पर देव बसवलेला हलवायचा कसा? उद्या संस्थेत काय वाकडं झालं तर समदी मलाच धरतील."

इथं माझ्या सासूबाई कामाला आल्या. त्या स्वतः घरी होत्या, पण लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याकडून इतक्या पूजा करून घेतल्या होत्या की काय राहिलं, ते मला वासावरून कळायचं.

"तात्या, उत्तरपूजा झाली होती का?"

"कसली?"

"पूजा मांडली की ती संपवायची असते ना. अक्षता वाहायच्या, नैवेद्य दाखवायचा, किंचित हलवायचं. तुम्ही घरी गणपतीला करता तशी. दसऱ्याला झाली होती का?"

तात्या आबांकडं आणि आबा तात्यांकडं बघायला लागले.

"फोटो काढला," तात्या आठवून म्हणाले. "पेढे वाटले. तेवढ्यात लाईट गेली. मग समदे घरी गेले."

"म्हणजे दसऱ्यापासून लक्ष्मी इथं बसवून ठेवलीय तुम्ही? आणि नैवेद्य?"

तात्यांनी मान आडवी हलवली.

"अरे देवा! आणि डोकं का दुखतं म्हणून मला विचारता?"

आबा ताडकन उठले. "तात्या! घरी जा. भात टाकायला सांग. दह्याला तर आपल्याकडं तोटा न्हाय. पळ!"

तात्या त्या वयात पळाले. दहीभात आला. आबांनी टोपी घट्ट बसवली, अक्षता वाहिल्या, हात जोडले, "चुकलंमाकलं पदरात घे," असं म्हणाले आणि मॉनिटर बोटभर सरकवला. पुढचं मग भराभर झालं. चौरंग निघाला. कुंकू पुसलं. डबा बाजूला ठेवून मॉनिटर सरळ टेबलावर आला. टेबल असं फिरवलं की खिडकी बाजूला आली, चकाकी गेली. एसीची झडप वर वळवली.

"आणि वैशाली, मधूनमधून पापण्या लवव. थोडं काम झालं की खिडकीतून त्या लांबच्या बाभळीकडं बघायचं. जवळ बघून आखडलेले डोळ्याचे स्नायू सैल पडतात."

"काम सोडून बाभळीकडं बघायचं?" आबांमधला चेअरमन जागा झाला.

"आबा, म्हशीला रवंथ करायला वेळ देता ना? का दावणीवर अखंड वैरणच टाकता?"

हे त्यांना लगेच कळलं. दुधाच्या भाषेत सांगितलं की आबांना सगळं कळतं.

वैशाली खुर्चीत बसली. आता तिची नजर किंचित खाली होती. आकडे भरताना तिची बोटं अशी चालायला लागली की तात्या तोंड उघडं टाकून बघत राहिले. मी तिथंच कागद लिहिला. आबांनी तो चष्म्याच्या खालच्या भागातून मोठ्यानं वाचला: "डोळे निर्दोष. कॉम्प्युटर टेबलावरच ठेवावा. तो पुन्हा वर गेल्यास डोकेदुखीला कर्मचारी जबाबदार नाही." शिक्का ठळक मारला होता, सांगितल्याप्रमाणे.

"चौरंगाचं काय करू?" निघताना आबांनी विचारलं.

"चांगला सागवानी आहे. घरी न्या."

मीटिंगमध्ये वैशाली कायम झाली. तिच्या वडिलांनी शेळगावाहून मला पेरूंची पिशवी पाठवली. त्यातला एकही कच्चा नव्हता, आणि खरं सांगते, कुठल्याही फीपेक्षा ती पिशवी मला गोड लागली. तेव्हापासून डोकेदुखीचा पेशंट आला की मी चष्म्याची पेटी उघडायच्या आधी विचारते, रविवारी दुखतं का, आणि बसता कसे ते दाखवा. निम्म्या लोकांना चष्मा लागतच नाही. धंद्याच्या दृष्टीनं हे वाईट आहे.

काही महिन्यांनी आबांची जीप पुन्हा दवाखान्यापुढं थांबली. आबा एका हातानं मान धरून उतरले. मागोमाग वैशाली. ती प्रिंटरची रिबन घ्यायला बारामतीला आली होती, म्हणून त्याच जीपमध्ये.

"बाई, रात्रीच्या बातम्या बघितल्या की मान आखडती," आबा म्हणाले. "डोळं बी चुरचुरत्यात. नंबर वाढला काय?"

मी काही विचारायच्या आत वैशाली पुढं झाली. आता तिची ओढणी सरळ होती आणि आवाजही.

"मॅडम, आबांनी तो चौरंग घरी नेला. कपाटावर ठिवलाय. त्याच्यावर टीव्ही."

आबा छताच्या पंख्याकडं बघायला लागले.

"तवा आबांचे डोळे अधू झालेत असं एका कागदावर लिहून द्या," ती म्हणाली. "येत्या मीटिंगमधी चेअरमन बदलायचा का, ते ठरवायचं हाय."