बीड बायपासवरचे विंटर टायर

टायरच्या दुकानामागं जुन्या टायरचा ढीग असतो बघा. कुणाला नको असतात, पण फेकवतही नाहीत. पावसाळ्यात त्यांत पाणी साचतं, डास होतात, महापालिकेचा माणूस येऊन दम देऊन जातो, तरी ढीग तिथंच! आमच्या दुकानातल्या किश्श्यांचंही तसंच झालंय. बीड बायपासला बसून बसून इतके साचलेत की आता मलाच चावायला लागलेत. चहा सांगितलाय, येईपर्यंत ऐका. हसायचं तिथं हसा, पण सगळे काही हसण्यासारखे नाहीत, आधीच सांगून ठेवतो.

*

दुकान माझं, पण हात रफिकभाईंचे. माझ्या वडलांच्या काळापासून ते टायर चढवतात. मी आपला गल्ल्यावर.

आमचा रोजचा पाहुणा म्हणजे भानुदास. पैठण लाइनवर काळीपिवळी जीप चालवतो. घरी मेंढरं, त्यामुळं कधीकधी सीटवर माणसं अन् पायाशी कोकरू असा माल असतो. त्याचे टायर कायम गोटा झालेले. नक्षी म्हणून काही उरलेलीच नसते!

एकदा मी म्हणालो, "भानुदास, तुझ्या टायरात माझं तोंड दिसतंय रे!"

"मंग दाढी करून घ्या की शेठ, लई वाढलीय!"

पुढच्याच आठवड्यात गडी चालत आला. गाडी बिडकीनजवळ रस्त्याकडेच्या चारीत. टायर फुटला होता. एका म्हातारीचा हात मोडला, बाकी सगळे खरचटण्यावर सुटले. भानुदासनं आल्या आल्या पाणी मागितलं अन् म्हातारीचंच सांगत बसला. मला वाटलं, चला, आता तरी शहाणा झाला. म्हणालो, "चारही नवे काढू का?"

पाणी प्याला, तोंड पुसलं अन् म्हणाला, "चार कशाला? फुटला तर येकच!"

*

आता देवगावकर काका. पाटबंधारे खात्यातून रिटायर. काकू लवकर गेल्या, घरात काका आणि त्यांची एकुलती एक मेघना. काकांचा एक नियम होता: नवी वस्तू वापरायची नाही! नवा टॉवेल कपाटात, नवा कप शोकेसमध्ये. अन् गाडीला नवा टायर घेतला की तो स्टेपनीला, डिक्कीत! रस्त्यावर जुनेच फिरायचे.

"काका, चांगला टायर डिक्कीत झोपवता, अन् गोटा टायरवर तुम्ही फिरता!"

"अरे सुनील, अडचणीला चांगलाच टायर हवा ना! अडचण काय रोज येते?"

हसू नका, अर्ध्या संभाजीनगरची हीच अक्कल आहे. टायर घेताना विचारतातच, "नवा स्टेपनीत टाकू का?"

मेघना कॉलेजात असताना काकांची गाडी काढून मैत्रिणींना घेऊन दौलताबादला गेली. वाटेत पंक्चर. पोरीनं स्वतः जॅक लावला, स्टेपनी चढवली, काकांनीच शिकवलं होतं. थोडं पुढं गेली तर स्टेपनी फुटली! टेम्पोत बसून, हात काळेकुट्ट करून, दोन्ही चाकं घेऊन दुकानात हजर. मागोमाग काका, रिक्षानं.

रफिकभाईंनी टायर उलटापालटा केला. वरचे रबराचे केस पण झडले नव्हते, इतका नवा! पण बाजूनं सगळा तडकलेला. पडून पडून वाळला होता.

काका म्हणाले, "अरे पण हा नवा आहे!"

रफिकभाई म्हणाले, "नवा हाय काका. पण मरेला हाय."

मेघना खो खो हसत सुटली. काका नाही हसले. त्यांनी तो टायर घरी नेला.

*

रफिकभाई गल्ल्याखाली लिंबांची पिशवी ठेवतात. नवे टायर चढले की गिऱ्हाइकाला चाकाखाली लिंबू लागतोच. एकदा एकानं विचारलं, "चाचा, तुम्ही कसं काय लिंबू ठेवता?"

"लिंबू कभी पूछता क्या, किसकी गाडी है?"

मेघना लग्न करून कॅनडाला निघाली, तेव्हा निरोप घ्यायला दुकानात आली होती. रफिकभाईंनी तिच्या पर्समध्ये एक लिंबू टाकला. म्हणाले, "बेटा, उधर नवी गाडी घेशील, तेव्हा कामाला येईल." एअरपोर्टवर तो काढून घेतला म्हणे! तिनं फोन करून सांगितलं तेव्हा रफिकभाई दिवसभर तोंड पाडून बसले होते. "लिंबू में क्या बम था क्या?" एवढंच म्हणत राहिले.

*

मग आला विंटर टायरचा किस्सा.

डिसेंबर होता. आपल्याकडं थंडी म्हणजे काय, सकाळी स्वेटर अन् दुपारी गॉगल! काका माकडटोपी घालून आले, खुर्ची ओढली अन् म्हणाले, "सुनील, विंटर टायर घेण्यासारखे असतात का रे?"

मला वाटलं, स्वतःच्या गाडीला विचारतायत!

भानुदास म्हणाला, "टायरला पण थंडी वाजती व्हय?"

काकांनी मोबाइल काढला. मेघनाच्या घरापुढचा फोटो. सगळं पांढरं, गाडी कुठली अन् कंपाउंड कुठलं, कळेना. मेघना तिथं एका दवाखान्यात नर्स होती, रोज स्वतः गाडी चालवत जायची. गाडीला साधे, बारमाही टायर. शेजारीण म्हणायची घेच, दवाखान्यातले म्हणायचे शहरात कशाला, रस्ते तर साफ करतात. अन् मेघना काय म्हणायची? "बाबा, चार महिन्यांसाठी चार टायर? रोजच्या जाण्यायेण्याला परवडतं का ते?"

"आता मी तिला काय सांगू?" काका म्हणाले. "मला एवढंच हवं, पोरगी रोज नीट घरी यावी."

विंटर टायर म्हणजे बर्फासाठीचा, मऊ रबराचा, एवढं ऐकून होतो; बाकी आम्हाला बर्फ माहीत तो रसवंतीवरचा! पण प्रश्न टायरचा होता, अन् दुकान आमचं. रफिकभाई उठले, समोरच्या रसवंतीवरून बर्फाची लादी फोडून आणली. जमिनीवर गोणपाट, त्यावर बर्फ. एका हातात जुन्या टायरचा तुकडा, दुसऱ्या हातात मऊ ट्यूबचा. दोन्ही बर्फावर दाबून सरकवले. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले!

"क्या हुआ?" मी विचारलं.

"दोन्ही घसरले!"

काका गंभीरपणे वाकून बघत होते. चष्म्यावर पाणी उडालं तरी हलले नाहीत. रफिकभाईंनी मग बराच वेळ ट्यूबचा तुकडा दाबून धरला अन् म्हणाले, "पण काका, मऊ वाला जरा सोच के घसरा."

तेवढ्यावर काकांनी तिथूनच मेघनाला फोन लावला. "घे! दुकानात सिद्ध झालंय!"

*

पोरीनं ऐकलं. रिमसकट चार टायर घेतले. व्हिडिओ कॉलवर गॅरेजमधून दाखवले. आम्ही चौघं एका मोबाइलवर डोकी घालून बघतोय, रफिकभाई ओरडतायत, "बेटा, अंगठा दाब, अंगठा! मऊ लागतो का?"

"लागतो चाचा!" काय बारीक नक्षी होती हो, पैठणीचा काठ जणू!

"आता गाडीला कधी चढवतेस?" मी विचारलं.

"उद्या, घरीच. जॅक आहे ना!"

तेवढ्यात काका म्हणाले, "चारही एकदम?"

अन् मग काकांचा तो आवाज सुरू झाला, कपाटात टॉवेल ठेवणारा. "अगं, गाडी ओढतं कोण? पुढची चाकं. पुढं दोन लाव. दोन जपून ठेव पुढच्या वर्षाला. एवढे महागाचे टायर, सगळे एकदम कशाला झिजवायचे?"

भानुदास म्हणाला, "बराबर हाय." रफिकभाईंनी मान डोलावली. मीही. अहो, इकडं सगळा मराठवाडा तसाच चालतो, नवे दोन पुढं, जुने मागं! आमच्या चुलत्यांनी, मामांनी, आम्ही, सगळ्यांनी जन्मभर तेच केलं.

मेघना म्हणाली, "इथले लोक म्हणतात चारच लावायचे असतात, बाबा."

"त्यांना विकायचे असतात!"

ती हसली. "बरं बाबा. पुढं दोन."

*

जानेवारीत सकाळी शटर उघडलं तर काका पायरीवर बसलेले. टोपी नाही, स्वेटर उलटा घातलेला.

"जावयाचा फोन होता," म्हणाले. "मेघना गेली."

मला वाटलं, कुठं गेली? तेवढा वेळ लागला बघा डोक्यात शिरायला.

कामावरून घरी येत होती. पुलाच्या वळणावर बर्फ गोठलेला. तिनं वेग कमी केला, ब्रेकवर पाय ठेवला. पुढच्या दोन चाकांनी रस्ता धरला, मागच्या दोन जुन्यांनी सोडला. गाडीची मागची बाजू फिरून पुढं आली, अन् समोरून ट्रक. जावई रडत रडत एवढंच सांगू शकला.

आम्ही काकांना घरी घेऊन गेलो. लोक भेटायला येत होते, नेहमीचं बोलत होते, देवाची मर्जी वगैरे. भानुदास कोपऱ्यात उकिडवा बसलेला, ढसाढसा रडत होता. आपण होऊन बोलला तो काकांशी, अन् काय बोलला! त्याला दुसरं सुचलंच नसेल हो.

"काका, पुढले टायर तरी कसे निघाले?"

मी डोळे मिटले. म्हटलं, आता काका याला हाकलणार.

काका म्हणाले, "छान निघाले रे. पोलिसांनी पण सांगितलं म्हणे. पुढचे एकदम छान होते."

*

व्हिसा मिळायला फेब्रुवारी उलटला, मग काका तिकडं जाऊन राहिले. जावयाजवळ, दोन-अडीच महिने. परत आले मेमध्ये. आपल्याकडचा मे, डांबर चपलेला चिकटतंय. जालना रोडला दुपारी कुत्रं दिसत नाही.

अशा उन्हात दुकानासमोर काकांची गाडी थांबली. काका उतरले, वाळून गेलेले, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. मी खुर्ची पुढं केली, बसले नाहीत. डिक्की उघडली.

आत दोन टायर. सुतळीनं एकत्र बांधलेले, त्यांना विमानाची पट्टी अजून तशीच. रिम तिकडंच काढून ठेवल्या होत्या, नुसते टायर आणले होते. गॅरेजमध्ये जपून ठेवलेले होते ना, ते दोन. काकांनी कपड्यांची बॅग तिकडंच सोडली अन् सामान म्हणून हे घेऊन आले!

रफिकभाई बाहेर आले. टायरवर हात ठेवला. अंगठ्यानं दाबून बघितलं, मग बराच वेळ अंगठा उचललाच नाही.

"माझ्या गाडीला बसतील का बघ," काका म्हणाले.

मी साइज बघितला. पंधरा इंची रिमचा, थोडा रुंद, पण बसण्यासारखा होता. तरी म्हणालो, "काका, हा रबर बर्फातला आहे. ह्या उन्हात, ह्या डांबरावर महिनाभर टिकायचा नाही. सगळा झिजून जाईल."

"झिजू दे."

"अहो, पण आठवण म्हणून घरी..."

"घरी काय करू? कपाटात ठेवू?"

जोरात बोलले नाहीत.

रफिकभाईंनी जॅक घेतला, पाना घेतला, गाडीशी जाऊन बसले. अन् बसता बसता तोंडून सवयीनं निघून गेलं, रोज शंभरदा विचारतात तेच, "काका, पुढं टाकू का मागं?"

विचारलं अन् त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. भानुदास चहा तसाच ठेवून उठला. रसवंतीचा घुंगरू तेवढा वाजत होता.

काकांनी टायरची सुतळी सोडली. मग चालत गेले, मागच्या चाकाजवळ उभे राहिले.

"मागं टाक, रफिक," म्हणाले. "अन् लवकर कर रे. उशीर झालाय."