पिवळ्या पट्टीच्या दोन बाजू

आमच्या विभागातलं किरणोत्सारी औषध दर आठ दिवसांनी निम्मं होतं. किस्से मात्र साठतच जातात! सांगलीच्या या दवाखान्यात मी टेक्निशियन. विभागात बी.एस्सी. झालेली एकटीच मुलगी, म्हणून वडीलधाऱ्यांवर ओरडायचं खातंही माझ्याकडेच.

*

दुष्काळी म्हसवडचे सुभेदारकाका, पेन्शनर. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ, यकृतापर्यंत पसरलेली. तिच्यापायी मधूनच बीपी भडकायचं, दरदरून घाम फुटायचा. घरातल्या थोरांचं निदान एकच, मिलिटरीचा माणूस तापट असायचाच! धन्य ते थोर. थोडं औषध टोचून स्कॅन केला, तर ते नेमकं गाठीत जाऊन बसलेलं पडद्यावर दिसलं.

"म्हंजे मी तापट न्हवतो?" काकांनी विचारलं.

"ते येगळं," काकू म्हणाल्या.

*

मग गाठ आतून जाळायला त्याच औषधाचा मोठा डोस दिला. काका खोलीत एकटे. दारात जमिनीवर पिवळी पट्टी, अलीकडे काकू. अंगातून निघणारी किरणं मोजणाऱ्या मीटरचा आकडा उतरेपर्यंत पट्टी ओलांडायची नाही, असं मी बजावलं.

बावीस वर्षं काकूंनी नवऱ्याच्या पत्रांवर काढली होती. आता कुठे तो कायमचा घरी आला होता.

"तवा दिसत न्हवतं, ते बरं हुतं," त्या म्हणाल्या.

*

तिसऱ्या दिवशीही आकडा उतरेना. औषध लघवीतून जातं, म्हणून भरपूर पाणी प्या, फ्लश दोनदा ओढा, हे मी पढवलं होतं. काका दिवसभरात तांब्याभर पाणी पीत होते आणि फ्लशऐवजी मगभर पाणी ओतत होते!

मी भडकले. एका फ्लशच्या पाण्यात आमच्या आळीचं भागतं, काका म्हणाले.

पट्टीअलीकडून काकू उठल्या. "आवं, वता की पानी. घरी गेल्यावर मी वाचवीन. पर भायेर या."

तेव्हापासून फ्लशला उसंत नव्हती.

*

अखेर आकडा उतरला. काकांना सुट्टी दिली, पण आठवडाभर एकमेकांपासून लांब राहायचं, हे दोघांनाही तीनतीनदा सांगितलं.

तासाभराने खिडकीतून पाहिलं, तर दोघं अजून अंगणातच. काकूंनी धुतलेलं लुगडं वाळवायला ताणून धरलं होतं. दुसरं टोक काकांच्या हातात.

मी तरातरा खाली गेले. "काकू, काय सांगितलं होतं मी?"

"नऊ वार हाय की मधी, ताई."

म्हसवडची एसटी निघून गेली. लुगडं केव्हाच वाळलं होतं. टोक मात्र कुणीच सोडत नव्हतं.