फळ्याकडे तोंड करून

दुपारी डोळा लागला की अजूनही मला वरोरची ती शाळा दिसते. खिडकीबाहेर वलांड्या, म्हणजे बांबूंना ताणून बांधलेल्या दोऱ्या, त्यांवर वाळत घातलेले बोंबील वाऱ्यावर हलतायत, आणि वर्गात त्यांचा वास भरून राहिलाय. मी घाटावरची. सुरुवातीला नाकाला पदर लावून शिकवलं. पुढे पुढे त्या वासाशिवाय वर्ग भरल्यासारखा वाटेना.

माझा दुसरीचा वर्ग म्हणजे सगळी भेळ होती. किनाऱ्यावरची मुलं घरी एक बोली बोलत, रानशेतकडून मजुरीला आलेल्यांची मुलं दुसरी, आणि किराणावाल्याची मुलगी गुजराती. मी मात्र पुस्तकातलं मराठी सगळ्यांना एकाच पळीनं वाढत होते. बोलकी पोरं उचलत. रानशेतची एक मुलगी तोंड म्हणून उघडत नसे. मी गोष्टी सांगितल्या, चित्रं दाखवली, लाडीगोडी लावली, एकदा चिडलेही, माझा राग नाकावरच असतो. ती ढिम्म.

तिची आई वलांडीवर कामाला होती. एके दिवशी दारात येऊन म्हणाली, "बाई, हिला काय येत नाय. उगा बसवून काय करू? शिमग्यापर्यंत बघते, नाय वाचली तर माझ्यासंगती कामाला नेते."

 ती गेल्यावर मी कॅलेंडरवर शिमग्यापर्यंतचे दिवस मोजले.

एका रविवारी किनाऱ्यावरून चालले होते. ऊन मऊ होतं, समुद्र दूर ओसरलेला. वलांडीखाली तीच मुलगी माझ्याच वर्गातल्या, किनाऱ्यावरच्या एका मुलीबरोबर बोंबील लावत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. एकटा बोंबील दोरीवर ठरत नाही. हात चालू होते आणि तोंडंही. माझ्या वर्गातली ती मुकी पोर अर्धं आपल्या बोलीत, अर्धं मैत्रिणीच्या बोलीत भडाभडा बोलत होती. तिच्याकडे टक लावून बघणारं तिथं कोणी नव्हतं. मी बांबूआड उभी राहिले. मला हसू येत होतं आणि रडूही.

सोमवारी सगळ्यांना जोडीजोडीनं, समोरासमोर बसवलं. हाताला चाळा म्हणून चिंचोके दिले. म्हटलं, "मला नाही, एकमेकांना वाचून दाखवा. मग तीच गोष्ट आपल्या बोलीत सांगा." आणि मी फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिले.

पहिले काही दिवस नुसता गोंगाट. शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून म्हणाले, "बाई, बाजार भरवलाय का?" मग त्या बाजारातून एक बारीक आवाज येऊ लागला. अडखळला की मैत्रीण पुढचं सांगे. मैत्रीण अडली की हा आवाज सांगे. वळून बघायचं नाही, असं मी स्वतःला बजावत होते.

शिमगा तोंडावर आला तेव्हा आई आली, मुलीला न्यायलाच. ओले हात लुगड्याला पुसत दारातच थबकली. "कोण वाचते ती?"

मी ओठावर बोट ठेवलं. वाचन संपलं, आणि मुलगी तीच गोष्ट आपल्या बोलीत मैत्रिणीला सांगू लागली. आई शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"ऱ्हाऊ दे तिला," ती हळूच म्हणाली. "मी आली ते सांगू नका. मला बघल तं गप व्हईल."

ती एकटीच वाळूतून वलांडीकडे गेली. मी पुन्हा फळ्याकडे वळले आणि लिहू लागले. हातात खडू नव्हता.